भागूमावशीचा सेकी

भागूमावशीला जपानी भाषेतला एकच शब्द येत होता, आणि तेवढ्या एका शब्दाच्या जोरावर तिने तीन वर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटले. मी चार वर्षं पुण्याला क्लासला गेले, एसटीत उभ्याने शब्द पाठ केले, परीक्षांवर परीक्षा दिल्या, तेव्हा कुठे मला जपानी आलं. ही बाई मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावरून शेळ्या नवऱ्याच्या ताब्यात देऊन खाली आली, आमच्या कारखान्यात रबरी रिंगा निवडायच्या टेबलाला बसली, एक शब्द उचलला आणि माझा साहेब घेऊन गेली. 'माझा साहेब' हे मी जाणूनबुजून लिहिते आहे. तेव्हा मला अगदी तसंच वाटायचं.

साहेबांचं आडनाव सेकी. जपानी माणसं मानाने नावापुढे 'सान' लावतात, म्हणून सेकीसान. साठीला टेकलेले, काटकुळे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. पिरंगुटहून घोटावड्याकडे जाताना जे कारखाने लागतात, त्यांतल्या एका जपानी कारखान्यात ते माल तपासणीचे प्रमुख म्हणून आले आणि मी त्यांची दुभाषी झाले. पहिल्याच दिवशी सगळ्या कामगारांसमोर त्यांनी आपल्या नावाची गंमत सांगितली. 'सेकी' या एका उच्चाराचे जपानीत बरेच अर्थ. त्यांच्या आडनावातला म्हणजे जुन्या काळचा रस्त्यावरचा नाका, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारपूस करत. दुसरा खोकला. तिसरा बसायची जागा. चौथा पाणी अडवणारा बांध. लिहिताना प्रत्येकाचं चित्र वेगळं, बोलताना मात्र आवाज जरासा खाली-वर, एवढाच फरक. मी हे सगळं घोटून घोटून शुद्ध मराठीत सांगितलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "म्हंजे आडनाव नाकेदार, आन खोकला झाला तर तो बी घरचाच!"

सगळे हसले. सेकीसाननी विचारलं काय झालं, म्हणून मला ते जपानीत सांगावं लागलं. ते पोट धरून हसले आणि त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं. माझं नाव त्यांनी तोवर विचारलं नव्हतं. पाचवाही एक अर्थ आहे, कुटुंबाची दप्तरातली नोंद. तो सांगायचा त्या दिवशी राहून गेला. पुढे आठवला, पण तोवर भागूमावशीला माझ्याकडचं काही द्यायची इच्छा उरली नव्हती. तो आजतागायत मी कुणाला सांगितलेला नाही.

मावशी दिसायला उंच, हाडाने रुंद, कपाळावर हिरवं गोंदण. काम करताना ती टेबलाकडे बघायचीच नाही. रिंगांनी भरलेला ट्रे समोर आला की त्यावर हात फिरवायचा, नजर खिडकीबाहेर, आणि मध्येच एक रिंग उचलून बाजूला टाकायची. ती यंत्रावर लावली की हटकून खोट निघायची. सेकीसान पहिल्यांदा हे बघून तिच्या टेबलाशी अर्धा तास उभे राहिले. कसं कळतं, म्हणून त्यांनी माझ्यामार्फत विचारलं. "शेळ्या काय मोजून वळखत्यात व्हय?" ती म्हणाली. "कळपात एकीचं दुखत आसलं की बाकीच्यांवरनंच दिसतं." मी याचं जपानी करेपर्यंत सेकीसान मान हलवून मोकळे झाले होते. मग ती मला म्हणाली, "त्याला कशाला भाषा लागती?" हे तिचं पालुपद. माझ्या पोटापाण्याच्या साधनावर ती रोज असा पाय देऊन जायची आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा.

पावसाळ्यात सेकीसानना खोकला धरला. मुळशीच्या ओलीने भल्याभल्यांना धरतो. मी त्यांना अत्यंत नम्र, तीन मजली जपानी वाक्यात सुचवलं की पुण्याला एक चांगले डॉक्टर आहेत, आपली हरकत नसेल तर मी वेळ घेते. ते 'बघू' म्हणाले. मावशी टेबलावरून नुसती ओरडली, "सेकी?" आणि छातीवर हात ठेवला. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती अडुळशाचा काढा घेऊन आली, तोही कुठल्याशा सरबताच्या बाटलीत. मी डोळ्यांनी खुणावत होते, घेऊ नका, काय असेल कुणास ठाऊक. त्यांनी माझ्याकडे न बघता अर्धी बाटली रिचवली, तोंड वेडंवाकडं केलं आणि कमरेत वाकून तिला नमस्कार घातला. आठवड्यात खोकला गेला. तो बहुतेक आपोआपच जायचा होता, पण हे म्हणून दाखवायला मला कुणी मिळालं नाही.

जागेचं तर विचारूच नका. जपानी बैठकीत कोणी कुठे बसायचं याला फार महत्त्व. मानाची खुर्ची दारापासून सगळ्यांत लांब, खालच्या माणसाची दाराशी. हे मला पाठ होतं आणि बैठकीआधी खुर्च्या मीच लावायचे. एकदा तपासणीच्या बैठकीला मावशीला बोलावलं. ती आली ती थेट मानाच्या खुर्चीत जाऊन बसली, कारण खिडकी तिथे होती आणि रिंग उजेडात धरून दाखवायची होती. माझ्या अंगावर काटा आला. सेकीसान दारात क्षणभर थांबले, "सेकी," म्हणून तिच्या खुर्चीकडे बोट करून हसले आणि स्वतः दाराशी बसले. ती म्हणाली, "सेकी, सेकी, बसा की." पुढच्या प्रत्येक बैठकीत ती खुर्ची तिची ठरली. दुभाष्याची खुर्ची असते साहेबाच्या खांद्यामागे, टेबलापासून हातभर लांब. मला त्या टेबलाला खुर्ची कधी मिळाली नाही.

आणखी एक सांगून टाकते. सेकीसान तिला 'भागू-सान' म्हणत. मला म्हणत 'त्सुयाकु-सान', म्हणजे दुभाषीबाई. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे, त्यात अपमान काही नाही, हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरी घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहून त्यांच्या आवाजात 'सुजाता-सान' म्हणून बघायचे. चोवीस-पंचवीसची होते. त्या माणसाने मला शाबासकी द्यावी, एकदा तरी आपण होऊन माझ्याशी बोलावं, यापलीकडे मला काही नको होतं. तेवढंच त्या धनगरवाड्याच्या बाईला काही न मागता मिळत होतं. माझा जळफळाट होत होता, दुसरा शब्द नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी सेकीसाननी धरण बघायची इच्छा दाखवली. मी गाडी मागवली, पाण्याच्या डब्यापासून सगळी तयारी केली, नवी साडी नेसले. मनात म्हटलं, आज पूर्ण दिवस मध्ये कुणी नाही. गाडीत बसताना ते म्हणाले, वाटेत भागू-सानना घेऊ, तो त्यांचा मुलूख आहे. ती वाड्याच्या फाट्यावर उभीच होती, डोक्याला रुमाल, हातात भाकरीचं फडकं. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं, तेही मला वगळून. कसं ठरलं, कुठल्या भाषेत ठरलं, देव जाणे.

काठाच्या एका दगडावर आम्ही बसलो. पाणी तुडुंब होतं. सेकीसान म्हणाले, "सेकी," आणि हाताने लहानशा बांधाची खूण केली. मग ते बोलायला लागले. माझ्याशी नाही, तिच्याशी. दुभाष्यासाठी दोन वाक्यांनी थांबायचं असतं, तेही विसरले. दहा मिनिटं तरी बोलले असतील, आणि शेवटी शेवटी त्यांचे डोळे भरून आले होते. ते थांबले तेव्हा मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हणतात, त्यांच्या गावाला पण असा छोटा बांध होता."

मावशी म्हणाली, "एवढा येळ बोलला, आन एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पाण्याकडे वळली. मग ती बोलली. तीही थांबली नाही. पाण्याच्या मधोमध बोट दाखवत, मध्ये हसत, मध्ये गप्प होत सांगत राहिली. सेकीसान कान देऊन ऐकत होते, जणू सगळं कळतंय. तिचं संपलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जपानीत म्हटलं, "त्या म्हणतात, इथे पाणी फार खोल आहे."

"असं होय," म्हणून त्यांनी मान लववली. भाकरी खाऊन आम्ही परतलो.

मी ते मुद्दाम केलं. दमले होते म्हणून नाही, की शब्द सुचला नाही म्हणून नाही. दोघांचा एकेक शब्द माझ्या डोक्यात नीट बसला होता, शिकवणीच तशी झालेली असते. पण मनात आलं, कशाला भाषा लागती म्हणतेस ना, मग घे समजून तुझं तू. त्या दिवशी परत येताना गाडीत मला फार बरं वाटत होतं. हेही लिहायलाच हवं.

पुढच्या वर्षी ऐन पावसात सेकीसान मायदेशी परत गेले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी मला उत्तम शाईचं पेन दिलं आणि तीन वर्षांच्या अचूक कामाबद्दल आभार मानले. 'अचूक' हा शब्द त्यांनीच वापरला आणि तोही मलाच मराठीत सांगावा लागला. मावशीला काय द्यावं हे त्यांना सुचलं नसावं. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, तिने त्यांच्या तोंडावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. व्यासपीठावरचे साहेबलोक बघतच राहिले. मी पेन हातात धरून उभी होते आणि ती बोटं माझ्या कानाशी मोडल्यासारखी ऐकू येत होती.

त्यानंतर दर नव्या वर्षाला जपानहून एक कार्ड यायचं. पत्ता आमच्या घोटावड्याच्या घराचा, कारण धनगरवाड्यावर टपाल पोचत नाही. नाव मात्र भागू-सानचं. मावशीने तोवर कारखाना सोडून पुन्हा शेळ्या धरल्या होत्या, म्हणून मी बाजाराच्या दिवशी तिला गाठायचे आणि रस्त्याकडेला उभ्याने वाचून दाखवायचे. थंडी आहे, गुडघे दुखतात, तुमच्या शेळ्या कशा आहेत. दोन-तीन ओळी, त्यात कापायला काही नसायचं. ती ऐकून घ्यायची, कार्ड उलटंसुलटं बघायची आणि हळूच विचारायची, "आजून काय न्हाई ना ऱ्हायलं?" मी म्हणायचे, नाही मावशी, सगळं वाचलं. ती कार्ड पदराच्या टोकात बांधून शेळ्यांच्या मागे निघून जायची.

गेल्या थंडीत मावशी गेली. चार दिवस ताप आला, पौडच्या दवाखान्यात नेली, तिथेच संपली. मला आठ दिवसांनी कळलं. मी सेकीसानना पत्र लिहिलं, अगदी रीतसर, शोकाचे सगळे ठरीव शब्द घालून. महिन्याभरात उत्तर आलं. पाकिटावर माझं नाव होतं आणि आत पहिली ओळ 'सुजाता-सान' अशी. मी खुर्चीत बसून घेतलं. पुढची तीन पानं सगळी मावशीबद्दल. शेवटच्या वेळी जवळ कोण होतं, शेळ्या आता कोण बघतं, नवरा जेवतो का. आणि सर्वांत शेवटी: "धरणावर त्या दिवशी भागू-सान बराच वेळ बोलल्या होत्या. तुम्ही मला एक वाक्य सांगितलं होतं. उरलेलं तुमच्या लक्षात असेल, तर आता सांगाल का? सवडीने सांगितलं तरी चालेल."

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी मला 'अचूक' म्हटलं होतं.

त्यांच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, म्हणून रविवारी मी धनगरवाड्यावर गेले. मावशीचे मालक, धोंडूकाका, अंगणात पाला तोडून शेळ्यांना घालत होते. मी पत्राचं सांगितलं. ते म्हणाले, "त्यो नाकेदार व्हय? लई याद काढायची त्येची." मग पाल्याची फांदी खाली ठेवून म्हणाले, "आन तुजी बी. लई जळायची तुज्यावर."

"माझ्यावर?"

"तर! घरी आली की तुजंच. म्हनायची, त्या पोरीला त्येचं आख्खं ऐकू येतं, मला नुसतं हलणारं तोंड दिसतं. एका शबदावर कुटवर नाचू? पर तुज्यापुढं कशी बोलंल? मोट्या घरच्या पोरीनं हसाया नको म्हनून तोऱ्यात ऱ्हायची."

काका आपल्याच नादात पुढे सांगत होते. "त्या धरणावर त्यो मानूस काय बोलला, हे मला इचारायची. मी व्हतो व्हय तितं? म्हनलं पोरीलाच इचार. तर म्हनली, इचारलं एकदा, एवढंच म्हनली. परत इचारलं तर पोरगी खोटी पडंल."

"काका..."

"आन तिनं त्येला बोलावलं हुतं की वैशाखात, पानी उतरल्यावर. दोन आइतवार भाकरी बांधून तितं जाऊन बसली. त्यो काय आला न्हाई. म्हनली, मोटा मानूस हाय, न्हाई जमलं आसंल."

सेकीसान त्या वैशाखात इथेच होते. घोटावड्याच्या रस्त्यावर, कारखान्याच्या बंगल्यात, रविवारी एकटे कपडे इस्त्री करत. निमंत्रण माझ्या तोंडात अडकून राहिलं होतं.

मी काकांना सगळं सांगितलं. कबुली आधी, मग सेकीसान दगडावर बसून जे बोलले ते, पहिल्या वाक्यापासून. त्यांचे वडील गावच्या बांधाचे राखणदार होते. उन्हाळ्यात पाणी वाटून मिळायचं आणि काही शेजारी पाळी नसताना बांधाची फळी उचलून पाणी पळवायचे. वडील बांधाकडे निघाले की लांबूनच मोठमोठ्याने खोकायचे. लहानपणी सेकीसानना वाटायचं, बापाला छातीचा रोग आहे. मोठेपणी कळलं, चोराला निघून जायला सवड मिळावी म्हणून तो खोकला. एकाच गावात रोज तोंडं बघायची, तर कुणाला उघडं पाडायचं नाही. गाव म्हणायचं, हा राखणदार कुचकामी. वडील तसेच वारले, आणि ही गोष्ट आपण आजवर कुणाला सांगितली नाही, असं ते म्हणाले होते.

धोंडूकाकांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "चोराला सवड दिली म्हन," ते म्हणाले. "हे तिला लई आवडलं आस्तं." मला ते शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा टाकला.

घरी येऊन मी सेकीसानना लिहायला बसले. आधी धरणावर मी काय केलं आणि का केलं ते लिहिलं. 'मला भागू-सानचा हेवा वाटायचा' हे वाक्य जपानीत लिहायला फार सोपं आहे, हे त्या दिवशी कळलं. मग मावशीचं लिहिलं, ती बोलली त्या क्रमाने, तिच्या थांबण्यासकट. पाण्याखाली घरं आहेत. वैशाखात पाणी उतरलं की एक उंबरा उघडा पडतो. आमचा नाही, कुणाचा ते ठाऊक नाही. आजेसासू त्यावर जाऊन बसायची, मग सासू, आता मी. दाराला उंबरा आहे आणि कुणी येत-जात नाही, हे बरं दिसत नाही, म्हणून वर्षातून एकदा बसायचं. शेळ्या चिखलातलं कोवळं गवत खातात, मी बसते. दोघं-तिघं मावतील एवढा रुंद आहे.

सेकीसान आता पंच्याहत्तरीकडे झुकलेत, गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत. ते येणार नाहीत हे मला कळतं. तरी शेवटचं वाक्य राहिलं होतं. जपानीत निमंत्रण द्यायच्या नम्र तऱ्हा मला आठ-दहा येतात आणि प्रत्येकीचा मला अभिमान आहे. त्यांतली एकही घेतली नाही. ती बोलली होती तेवढंच, तसंच लिहिलं: तुम्ही वैशाखात या, दाखवते. खाली नाव तिचं घातलं.